साथीची नोंद आणि नोंदीवरचे नाव

गोरेगाव पूर्वेला, पश्चिम द्रुतगती महामार्गाला लागून, नेस्कोची प्रदर्शनाची दालने आहेत. एरवी तिथे यंत्रांची, फर्निचरची प्रदर्शने भरतात आणि नवरात्रात गरबा रंगतो. २०२०च्या जून महिन्यात मात्र त्या दालनांत खाटांच्या रांगा लागल्या, प्राणवायूच्या नळ्या फिरल्या आणि मुंबई महापालिकेचे जम्बो कोविड केंद्र उभे राहिले. त्याची सूत्रे होती डॉ. नीलम अंद्राडे यांच्याकडे. मूळच्या त्या नायर दंत महाविद्यालयाच्या अधिष्ठाता. आत पीपीई सूटमध्ये घामाने निथळत पाळ्या करणाऱ्या परिचारिका होत्या, साफसफाईच्या मावश्या होत्या. बाहेर पी दक्षिण म्हणजे गोरेगावच्या विभागातल्या चाळींतून आणि वस्त्यांतून ताप मोजत, ऑक्सिमीटर लावत आरोग्यसेविका फिरत होत्या. साथीशी ज्यांची रोज समोरासमोर गाठ पडत होती, त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. त्याच महिन्यांत जगभर कोविडवरच्या वैद्यकीय निबंधांचा पूर लोटला होता. अमेरिकेतील संस्थांशी निगडित लेखकांचे १८९३ कोविड-निबंध तपासून जेन्स पीटर अँडरसन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्येच दाखवून दिले, की २०१९ मध्ये त्याच नियतकालिकांत छापलेल्या निबंधांच्या तुलनेत पहिल्या लेखकाच्या जागी असलेल्या स्त्रियांचे प्रमाण १९ टक्क्यांनी घसरले आहे. ‘बीएमजे ग्लोबल हेल्थ’मधल्या दुसऱ्या एका मोजणीत एकूण लेखकांत स्त्रिया ३४ टक्के, पहिल्या स्थानी २९ टक्के आणि शेवटच्या स्थानी २६ टक्के आढळल्या. काम वाढले आणि नाव मागे सरले.

याचे उत्तर बहुतेक जण एका शब्दात देतात: घर. शाळा बंद, मुले घरी, स्वयंपाक तीन वेळचा, मग बाई लिहिणार कधी? हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. मुंबई आणि महाराष्ट्राच्या साथींचा सव्वाशे वर्षांचा इतिहास ओळीने वाचला, तर दुसरी एक गोष्ट अधिक ठळकपणे दिसते. साथ कोणाला नवी खुर्ची देत नाही. साथ येण्याआधी प्रयोगशाळेत, समितीत, विभागात जो जिथे बसलेला असतो, तिथूनच तो लिहितो. घाई जितकी जास्त, तितके जुन्या ओळखीतल्या माणसांना फोन जास्त जातात. म्हणून निबंधावरची नावे त्या वर्षीच्या कामाचा हिशेब सांगण्याऐवजी त्याआधीच्या तीस वर्षांत खुर्च्या कशा वाटल्या गेल्या, हे सांगतात.

ही नावे कशी वाचायची, ते आधी पाहायला हवे. वैद्यकीय निबंधात लेखकांच्या क्रमाला अर्थ असतो. पहिले नाव सहसा त्याचे, ज्याने प्रत्यक्ष काम केले आणि मसुदा लिहिला. शेवटचे नाव त्याचे, ज्याच्या प्रयोगशाळेत किंवा विभागात ते काम झाले. मधली नावे मदतीची. बढती, अनुदान, समितीवरची नेमणूक या सगळ्यांत पहिल्या आणि शेवटच्या नावाचेच वजन पडते. पाश्चात्त्य मोजण्या संगणकाकडून होतात. नाव जेम्स असेल तर पुरुष, मेरी असेल तर स्त्री. आपल्याकडे ही युक्ती लगेच अडखळते. आद्याक्षरे आणि आडनाव लिहिण्याची आपली जुनी सवय आहे, आणि ‘पी. डी. यादव’ या अक्षरांतून पुण्याच्या विषाणूशास्त्रज्ञ डॉ. प्रज्ञा यादव दिसत नाहीत. त्यामुळे इथली गोष्ट टक्क्यांत मांडण्यापेक्षा निबंध हातात घेऊन, एकेक नाव ओळखत वाचावी लागते.

सुरुवात १८९६च्या सप्टेंबरात होते. मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचा म्हणजे प्लेगचा रुग्ण ओळखला. ऑक्टोबरात जीवाणूशास्त्रज्ञ हाफकिन मुंबईत आले आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातल्या छोट्या जागेत त्यांनी लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा आला. घराघरांत शिरून झडत्या सुरू झाल्या, आणि रेल्वे स्थानकांवर स्त्री प्रवाशांना तपासायला स्त्री डॉक्टर लागतात, हे सरकारला लोकक्षोभानंतर उमगले. म्हणजे बाईच्या हाताची गरज होती. पुण्याजवळ सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याहून पांडुरंग गायकवाडांच्या आजारी मुलाला आपला दत्तक मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात आणले, त्यात त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. सुरतेत डॉ. रखमाबाई स्त्रियांचे रुग्णालय सांभाळत होत्या. पण या साथीचा अधिकृत ग्रंथ लिहायला जो भारतीय प्लेग आयोग बसला, त्याचे पाचही सभासद पुरुष होते. अध्यक्ष होते एडिंबरोचे प्राध्यापक टॉमस फ्रेझर. साक्षी, तक्ते आणि जबान्यांनी भरलेले त्याचे खंड आजही प्लेगच्या इतिहासाचा पाया मानले जातात.

१८९७ मध्येच एका बाईने लिहिलेही होते. पंडिता रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्राला पुण्यातल्या प्लेगच्या इस्पितळाबद्दल आणि तिथे स्त्रियांच्या होणाऱ्या अवस्थेबद्दल लिहिले. त्यांच्या आश्रयाला असलेल्या मुलीला तिथे नेले होते, त्यामुळे माहिती जवळची होती. पत्राची चर्चा ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत पोचली. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी ते चुकीचे आणि दिशाभूल करणारे ठरवले, आणि विषय तिथे संपवण्यात आला. साथीच्या काळात बाईने केलेली नोंद ही ‘तक्रार’ आणि आयोगाने केलेली नोंद हे ‘शास्त्र’, ही विभागणी इतक्या लवकर आणि इतक्या स्पष्टपणे आपल्याकडे घडलेली आहे. रमाबाईंच्या पत्रात भावना होती, हे खरे. पण कोणत्या वॉर्डात स्त्री परिचारिका नाही, तपासणी कोण करते, मुलीला कुठे हलवले, हे प्रश्न आजच्या कोणत्याही रुग्णालय-पाहणीत पहिल्या पानावर असतात.

१९१८च्या इन्फ्लुएन्झात मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे गेली. तरण्या वयाच्या स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त मेल्या, हे सरकारी अहवालांनीच नोंदवले. घरातल्या आजाऱ्यांची सेवा आणि स्वतः तापात असतानाही न सुटलेली घरकामे, हे कारणही त्यांनी दिले. निरीक्षण अचूक होते. पण ते अहवालात एका वाक्यापुरते आले, आणि त्या वाक्यावर पुढे संशोधन उभे राहिले नाही, कारण तो प्रश्न ज्यांचा होता त्यांच्यापैकी कोणी लिहिणाऱ्याच्या जागेवर नव्हते.

या विधानाला पुरावा मुंबईतच सापडतो, आणि तो साथ नसलेल्या काळातला आहे. १९२८ साली लंडनच्या डॉ. ल्युसी विल्स मुंबईला आल्या. गिरणी कामगार वस्तीतल्या गरोदर बायकांना होणारा जीवघेणा रक्तक्षय त्यांना समजून घ्यायचा होता. त्यांना बोलावून घेणाऱ्या डॉ. मार्गारेट बाल्फोर या हिंदुस्थानातल्या स्त्री-वैद्यकीय सेवेत आयुष्य घालवलेल्या डॉक्टर होत्या. परळच्या हाफकिन संस्थेत जागा मिळाली, संशोधन निधी मिळाला आणि हाताशी काही वर्षे होती. विल्स यांचे निबंध ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये त्यांच्या नावाने, त्यांचे नाव आधी ठेवून छापले गेले. त्यातला एक तर मुंबईतल्या स्त्रियांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी होता. बाल्फोर आणि डॉ. शकुंतला तळपदे यांनी १९३० मध्ये गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या बाळंतपणाच्या स्थितीवर लिहिले. यीस्टच्या अर्काने, म्हणजे साध्या मार्माइटने, हा रक्तक्षय बरा होतो हे विल्स यांनी १९३१ साली जगापुढे ठेवले. पुढे ज्याला फॉलिक आम्ल म्हणू लागलो, त्या शोधाची ही सुरुवात. आज गावागावात गरोदर बाईला मिळणाऱ्या त्या गोळीमागे परळची ती प्रयोगशाळा आहे. बुद्धी १८९७च्या डॉक्टर बायकांजवळही होती. विल्स यांच्याजवळ खोली, निधी आणि सवड होती.

आता १९८६. एड्स ही चाळीस वर्षांनंतरही न आटोपलेली जागतिक साथ आहे, आणि भारतात तिचा पहिला पुरावा शोधणाऱ्या दोघी स्त्रिया होत्या. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक असलेल्या डॉ. सुनीती सोलोमन माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. त्यांनी आपली विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला हिला प्रबंधासाठी विषय सुचवला: या शहरात एचआयव्ही आहे का, ते शोध. तेव्हा हा रोग ‘तिकडचा’ आहे, अशीच इथल्या डॉक्टरांची समजूत होती. निर्मला यांनी नवऱ्याच्या स्कूटरवर बसून, सुधारगृहात ठेवलेल्या वेश्यांपर्यंत जाऊन, त्यांच्याशी बोलून रक्ताचे नमुने गोळा केले. हातमोजे, सुरक्षेची साधने जवळपास नव्हतीच. नमुने घरच्या फ्रिजमध्ये ठेवले. चाचणीची सोय मद्रासमध्ये नव्हती, म्हणून ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये नेले. तिथे सहा नमुने बाधित निघाले. देशाच्या आरोग्याचा इतिहास बदलणारी ती दुपार होती.

त्यावरचा निबंध १९८७ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये आला. पहिले नाव सिमोस, मग बाबू, मग जेकब जॉन. चौथे निर्मला, पाचवे सोलोमन. इथे कोणी कोणाचे श्रेय पळवले, असे मला म्हणायचे नाही. चाचणी वेल्लोरला झाली, विषाणूशास्त्राची जाण आणि यंत्र वेल्लोरला होते, आणि रिवाजाप्रमाणे यंत्राजवळचा माणूस आधी येतो. पण तो रिवाजच मला तपासायचा आहे. प्रश्न सोलोमन यांनी विचारला. धोका पत्करून नमुने निर्मला यांनी आणले. ज्या बायकांशी बोलणेही प्रतिष्ठित समाजाला नको होते, त्यांचा विश्वास त्यांनी मिळवला. प्रश्न विचारणे आणि विश्वास मिळवणे या दोन्ही गोष्टींना लेखकयादीत यंत्र चालवण्यापेक्षा कमी वजन आहे. संशोधनातला जो भाग माणसांशी बोलून करावा लागतो तो वारंवार स्त्रियांकडे जातो, आणि तोच यादीत मधे सरकतो. सोलोमन यांनी पुढे १९९३ साली वडिलांच्या नावाने वायआरजी केअर ही संस्था स्वतः उभी केली आणि एचआयव्हीवरच्या भारतीय संशोधनात तिचे स्थान निर्माण केले. शेवटच्या नावाची जागा त्यांना मिळाली ती स्वतःची खुर्ची स्वतः बनवल्यावर.

यावर आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे काय? संचालक डॉ. प्रिया अब्राहम. भारतातल्या पहिल्या दोन करोना विषाणूंचा संपूर्ण जनुकक्रम मांडणाऱ्या निबंधात पहिले नाव प्रज्ञा यादव, दुसरे वर्षा पोतदार आणि शेवटचे सारा चेरियन. मायलॅब कंपनीत पहिल्या भारतीय चाचणीसंचावर काम करणाऱ्या मीनल दाखवे-भोसले यांनी तो संच तपासणीला दिला आणि दुसऱ्या दिवशी त्या बाळंत झाल्या, हे मार्च २०२० मध्ये घराघरांत वाचले गेले. मग स्त्रिया मागे पडल्या हे आपल्याकडे खरे आहे का? माझ्या मते ही उदाहरणे मूळ मुद्द्याला छेद देत नाहीत, तो पक्का करतात. यादव, पोतदार, चेरियन या साथ आली म्हणून पुढे आल्या नाहीत. त्या त्याआधीपासून विषाणू संस्थेत प्रयोगशाळा आणि गट चालवत होत्या. जानेवारी २०२० मध्ये केरळमधल्या रुग्णांचे नमुने पुण्याला पोचले तेव्हा ते थेट त्यांच्याच टेबलावर गेले. जिथे खुर्ची होती तिथे नाव आले, आणि घाईने ते मागे ढकलले नाही.

आणखी एक निबंध मुंबईचाच आहे, आणि तो मोजणी करणाऱ्यांना सावध करतो. जुलै २०२० मध्ये महापालिकेच्या सहभागाने तीन विभागांत रक्तातली प्रतिपिंडे तपासली गेली: एफ उत्तर म्हणजे माटुंगा, एम पश्चिम म्हणजे चेंबूर आणि आर उत्तर म्हणजे दहिसर, गोरेगावहून चौथे स्टेशन. ६९०४ माणसे तपासली. झोपडपट्टीत सुमारे ५४ टक्के, बाहेर सुमारे १६ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेलेला दिसला. शहराने साथीकडे पाहण्याची दृष्टी या दोन आकड्यांनी बदलली. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये त्यावर अकरा लेखक आहेत. पहिले अनुप मलानी, शेवटचे उल्लास कोल्थुर-सीताराम. संगणक इथे नोंद करील: पहिला पुरुष, शेवटचा पुरुष. पण यादी नीट वाचली तर ती लेखकांच्या पहिल्या नावाच्या इंग्रजी वर्णक्रमाने लावलेली दिसते, आणि मधल्या नावांत महापालिकेच्या आरोग्य खात्यातल्या दक्षा शाह, गगनदीप कांग, गायत्री नायर लोबो, कस्तुरबा रुग्णालयाची चाचणी-प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या जयंती शास्त्री, साची अग्रवाल आणि सोफिया इमाद आहेत. अकरांत सहा स्त्रिया. नावे वर्णक्रमाने लावायचे ठरवले की मानाच्या जागेचा प्रश्नच उरत नाही, आणि मग कोण काम करत होते ते साधेपणाने दिसते. संशोधनाच्या जगात ही पद्धत नवी नाही, अर्थशास्त्रात ती रुळलेली आहे. वैद्यकशास्त्राने ती जास्त घ्यावी, असे मला वाटते.

घराचे कारण मी अपुरे म्हटले. खोटे म्हटले नाही. अमेरिका आणि युरोपातल्या ४५३५ संशोधकांना विचारून केलेल्या एका पाहणीत, लहान मुले असलेल्या स्त्रियांचा संशोधनाचा वेळ सर्वांत जास्त कमी झालेला आढळला. मुंबईत याला लोकलची जोड द्या. २०२०च्या मार्चअखेर लोकल थांबल्या. जूनमध्ये धावू लागल्या त्या फक्त अत्यावश्यक सेवेसाठी. सर्व स्त्रियांना प्रवासाची मुभा मिळाली २१ ऑक्टोबरला, तीही सकाळी अकरा ते दुपारी तीन आणि संध्याकाळी सातनंतर. वॉर्डातली डॉक्टर आणि परिचारिका जूनपासून गाडीत होती. पण गोरेगावात राहणारी आणि परळच्या संस्थेत आकडेवारी तपासणारी सहायक संशोधक, जिचे काम कागदोपत्री ‘अत्यावश्यक’ नव्हते, तिला सात महिने रोजची गाडी नव्हती, आणि त्यानंतर मिळालेली वेळ कुठल्याच कचेरीला जुळणारी नव्हती. सोसायट्यांनी घरकामाच्या बायकांना फाटकाबाहेर ठेवले. मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग उघडले १५ डिसेंबर २०२१ला. निबंधांची पहिली मोठी लाट तोवर येऊन गेली होती. ज्याची खुर्ची पक्की त्याच्यासाठी सहकारी लिहून देतात, विद्यार्थी तक्ते करतात. जिची खुर्ची तात्पुरती, तिला सगळे स्वतःच करावे लागते, आणि तिचाच वेळ आधी जातो. सवड आणि खुर्ची ही दोन कारणे एकमेकांत अशी गुंतलेली आहेत.

दुसरा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो: रुग्ण वाचला की झाले, निबंध कोणी लिहिला याने काय फरक पडतो? फरक कोणता प्रश्न कधी विचारला जातो, यात पडतो. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले तेव्हा गरोदर आणि स्तनदा माता त्यातून वगळलेल्या होत्या, कारण लसीच्या चाचण्यांत त्यांना घेतलेच नव्हते. स्तनदा मातांना परवानगी मिळाली मे महिन्यात, गरोदर स्त्रियांना २ जुलैला. मधे दुसरी लाट येऊन गेली. ८७ देशांतल्या ११५ तज्ज्ञ-समित्या तपासल्या तेव्हा ८५ टक्के समित्यांत पुरुषांचे बहुमत होते. समतोल होता तो जेमतेम साडेतीन टक्क्यांत. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे, की परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतून, नायर रुग्णालयातल्या कोविडग्रस्त गरोदर स्त्रियांची जी मोलाची नोंद उभी राहिली, तिचे नेतृत्व डॉ. राहुल गजभिये या पुरुष संशोधकाने केले. बायकांचे प्रश्न बायकाच विचारतात असा नियम नाही. पण तो प्रश्न टेबलावर येण्यासाठी संवेदनशील पुरुष त्या जागी असण्याच्या योगायोगावर किती भिस्त ठेवायची?

उरला तिसरा आक्षेप. परिचारिका, आरोग्यसेविका, मावश्या या संशोधक नव्हेतच. त्यांची नावे निबंधावर का यावीत? लेखकत्वाचे आंतरराष्ट्रीय निकष नुसते नमुने गोळा करण्याला लेखकत्व मानत नाहीत. मसुद्यात सहभाग हवा, अंतिम मजकुराला संमती हवी, जबाबदारी हवी, आणि निकष म्हणून ते योग्यच आहेत. पण त्याच निकषांत असेही आहे, की ज्यांनी काम केले त्यांना मसुद्यात सहभागी होण्याची संधी द्यावी. नेस्कोसारख्या जम्बो केंद्रांत मोठी भरती काही महिन्यांच्या कंत्राटावर होती. कंत्राट संपले की माणूस गेला, आणि त्याच्याजवळचे निरीक्षणही गेले: कोणत्या रुग्णाचा प्राणवायू रात्री कधी उतरतो, कोण जेवण नाकारते, घरच्यांशी फोन झाल्यावर कोणाची नाडी स्थिरावते. सेल्लप्पन निर्मला यांना प्रबंध लिहायचा होता आणि तो लिहून घेणारी एक प्राध्यापक पाठीशी होती. म्हणून मार्च १९८७ मध्ये त्यांचे काम त्यांच्या एकटीच्या नावावर कागदावर आले. कंत्राटी परिचारिकेला असे कोणी नव्हते.

त्यामुळे मागणी करायची तर ती नेमकी असावी. पुढचे जम्बो केंद्र उभारताना निविदेत खाटा, टाक्या, पंखे यांची यादी होईल, त्याच यादीत नोंद आणि लेखनाच्या पगारी पाळ्या असाव्यात. त्या त्याच केंद्रातल्या परिचारिकांना आणि निवासी डॉक्टरांना आळीपाळीने मिळाव्यात. कंत्राट संपल्यावरही आपण गोळा केलेल्या माहितीवर काम करण्याचा त्यांचा हक्क लेखी असावा, आणि जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातला एक शिक्षक त्यांच्याबरोबर बसावा. गोरेगावच्या त्या दालनांत आता पुन्हा प्रदर्शने भरतात. २०२० आणि २०२१ मध्ये तिथे रात्रपाळी केलेल्या परिचारिकांपैकी कित्येक जणी आजही याच उपनगरांतल्या रुग्णालयांत कामावर आहेत, आणि त्यांना विचारले तर त्या तारखेनिशी सांगतील.